फवाऱ्याला धार नाही? पंप घेण्याआधी बादली लावून पाहा

व्यापार-उद्योगाच्या या पानावर न्हाणीघराचा विषय कशाला, असा प्रश्न वाचक बंधूंना पडेल. सुताचे भाव, ग्रे कापडाची उचल, सायझिंगचे दर हे सोडून आज आम्ही फवाऱ्याच्या म्हणजे शॉवरच्या पाण्याबद्दल लिहिणार आहोत. पण लेख शेवटपर्यंत वाचावा, अशी विनंती आहे. घरातल्या या किरकोळ वाटणाऱ्या कामात आपल्या कारीगर आणि दुकानदार मंडळींचे बरेच पैसे पाण्यात जातात, आणि पाणी मात्र येत नाही. आम्हीही त्याच वाटेवर होतो. थोडक्यात वाचलो.

आमचे घर मालेगावात आहे. तळमजला आणि वर एक मजला, गच्चीवर हजार लिटरची टाकी. तळमजल्यावर आमच्या अम्मी राहतात. वय ऐंशीच्या पुढे. दोन वर्षांपासून त्यांचा उजवा खांदा आखडला आहे. बादलीतून तांब्या उचलून डोक्यावर ओतणे त्यांना जमत नाही. घरातल्या सुना त्यांना अंघोळ घालायला तयार आहेत, पण अम्मींचे म्हणणे एकच, "बेटा, जोपर्यंत हातपाय हलतात तोपर्यंत माझी अंघोळ मी करणार." ज्या बाईने चाळीस वर्षे घर चालवले, तिला या वयात दुसऱ्यासमोर उघडे व्हावे लागू नये, हे आम्हालाही पटले. म्हणून त्यांच्या न्हाणीघरात हाती धरायचा शॉवर बसवला, खाली बसायला रुंद स्टूल ठेवले, भिंतीला धरायला दांडी लावली.

सगळे झाले, पण शॉवरला धार नाही. पाणी ठिबकावे तसे येई. साबण लावला की तो धुऊन निघेना. जुम्याच्या दिवशी अम्मी अर्धा तास आत होत्या आणि बाहेर आल्या तेव्हा थंडीने कुडकुडत होत्या. म्हणाल्या, "हे राहू दे. जुनी बादलीच बरी." आवाजात तक्रार नव्हती, म्हणूनच आम्हाला जास्त लागले.

नळकाम करणारा मिस्त्री बोलावला. त्याने नळ उघडला, पाहिले आणि एका मिनिटात निदान केले, "प्रेशर नाही सेठ. पंप लावावा लागेल." पंप, स्विच, वायरिंग, मजुरी मिळून बऱ्यापैकी मोठा आकडा त्याने सांगितला. आम्ही बयाणा देण्याच्या तयारीत होतो.

जॉबरचाचांचा सवाल

त्याच संध्याकाळी आमच्या जुन्या ओळखीचे एक जॉबरचाचा दुकानावर आले. आयुष्यभर यंत्रमाग दुरुस्त केलेला माणूस. शाळेचे तोंड फारसे पाहिले नाही, पण हिशेब पक्का. आमची हकीकत ऐकून त्यांनी विचारले, "सेठ, मागावर धागा तुटायला लागला तर तुम्ही आधी मोटर बदलता का?"

आम्ही गप्प बसलो. कारण उत्तर आम्हाला ठाऊक होते. धागा तुटला की शहाणा माणूस आधी सूत पाहतो, मग बीम, मग वई, फणी, धोटा. एकेक गोष्ट तपासून बाजूला ठेवतो. मोटरकडे सर्वांत शेवटी जातो. चाचांचे म्हणणे असे की पाण्याच्या लाइनलाही हाच कायदा लागू आहे. टाकीपासून शॉवरपर्यंत पाणी दहा ठिकाणांहून जाते. त्यातल्या एका जागी जरी गळा आवळला, तरी शेवटी धार मरते. ती जागा न शोधता पंप लावला तर दुखणे आत तसेच राहते आणि वर विजेचे बिल चढते.

दुसऱ्या दिवशी चाचा मोजपट्टी, पान्हा आणि मनगटावरचे घड्याळ घेऊन घरी आले. पुढचे सगळे त्यांच्याकडून शिकलेले आहे.

दाब येतो तो उंचीवरून

पहिली गोष्ट म्हणजे गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याला दाब मिळतो तो केवळ उंचीमुळे. टाकी मोठी की लहान याचा त्याच्याशी संबंध नाही. पाचशे लिटरची टाकी आणि दोन हजार लिटरची टाकी एकाच उंचीवर असतील आणि दोन्हींत पाण्याची पातळी सारखी असेल, तर दाबही सारखाच. बऱ्याच घरांत धार वाढावी म्हणून मोठी टाकी आणतात. त्याने साठा वाढतो, धार वाढत नाही.

हिशेब सोपा आहे. टाकीतल्या पाण्याची पातळी शॉवरच्या तोंडापासून ३३ फूट वर असेल तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो दाब मिळतो. म्हणजे दहा फुटांना साधारण ०.३ किलो. आपापल्या घरी मोजपट्टी लावून कोणीही हे काढू शकतो.

आमच्या घरी मोजले तेव्हा असे निघाले. तळमजल्याच्या शॉवरपासून टाकीच्या बुडापर्यंत साडेपंधरा फूट, आणि टाकी भरलेली असली तर आणखी तीन फूट. म्हणजे दाब जवळपास अर्धा किलो. वरच्या मजल्यावर आमच्या मुलाच्या न्हाणीघरात मात्र शॉवरपासून टाकीचे बूड फक्त पाच फूट वर. तिथे टाकी अर्धी असली तर दाब ०.२ किलोही भरत नाही.

इथेच चाचांनी बोट ठेवले. अर्धा किलो दाब म्हणजे फार नाही, पण साध्या हातशॉवरला पुरेल इतका नक्की आहे. "वरच्या मजल्याची तक्रार खरी आहे, सेठ. खालची तक्रार मात्र संशयास्पद आहे. उंची आहे, मग पाणी जाते कुठे?" मिस्त्रीने हा सवाल स्वतःला विचारलाच नव्हता.

बादली आणि घड्याळ

दुसरी गोष्ट, मोजमाप. "धार कमी आहे" ही तक्रार झाली, माप नव्हे. कापडवाला "थोडे कमी भरले" असे म्हणत नाही, तो मीटर लावतो. इथे मीटर म्हणजे बादली. जिच्यावर लिटरच्या खुणा आहेत अशी बादली घ्यावी. खुणा नसतील तर लिटरच्या बाटलीने दहा वेळा पाणी ओतून दहा लिटरची खूण स्वतः करावी. मग शॉवर पूर्ण उघडून दहा लिटर भरायला किती वेळ लागतो ते पाहावे.

आमच्याकडे पाच मिनिटे लागली. म्हणजे मिनिटाला दोन लिटर. मिनिटाला सहा ते आठ लिटर पाणी मिळाले तर अंघोळ आरामात होते, तेव्हा आमचे काम तिसऱ्या हिश्श्यावरही नव्हते.

मग शॉवरचे तोंड काढून नुसत्या नळीतून पुन्हा मोजले. तीन मिनिटे पन्नास सेकंद. या दोन आकड्यांनी अर्धे निदान झाले. तोंड काढल्यावर वेळ कमी झाली, म्हणजे शॉवरच्या तोंडात दोष आहेच. पण तोंड काढूनही पाणी पुरेसे येत नाही, म्हणजे मागे आणखी दोष आहे.

असेच आणखी तीन सवाल विचारावेत. एक, घरातल्या सगळ्याच नळांना पाणी कमी आहे की फक्त एकाला? फक्त एकाला असेल तर दोष त्याच नळाजवळ, सगळ्यांना असेल तर टाकीजवळ. दोन, गार पाणी बरे आणि गरम कमी, असे आहे का? तसे असेल तर गीझरकडे पाहावे. तीन, पूर्वी चांगले होते आणि हळूहळू कमी झाले, की पहिल्यापासूनच कमी आहे? हळूहळू कमी झाले असेल तर क्षार किंवा गंज. पहिल्यापासून कमी असेल तर उंची किंवा पाइपाची जाडी. अचानक कमी झाले असेल तर एखादा व्हॉल्व्ह, नाहीतर लाइनमध्ये अडकलेली हवा.

शॉवरच्या तोंडातला चुना

आमच्याकडे बोअरचे पाणी टाकीत मिसळते. असे पाणी बहुधा जड असते. त्यातले कॅल्शियमचे क्षार शॉवरच्या बारीक छिद्रांत पांढरे होऊन बसतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला मानला आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतला आहे. सहाशेच्या आसपासचे पाणी पिता येईल, पण शॉवरची छिद्रे बुजवायला ते पुरेसे आहे.

उपाय स्वस्त आहे. शॉवरचे तोंड काढून रात्रभर पांढऱ्या सिरक्यात बुडवून ठेवावे, किंवा किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत कोमट पाण्यात विरघळवून त्यात दोन-तीन तास ठेवावे. मग जुन्या दातघासणीने घासावे, छिद्रे टाचणीने मोकळी करावीत. संडास धुण्याचे तीव्र ॲसिड कधीही वापरू नये, त्याने मुलामा उडतो आणि पितळ खाल्ले जाते. हातशॉवरच्या नळीच्या जोडाशी एक छोटी जाळी असते, तीही काढून धुवावी. आमच्या जाळीत वाळू आणि टेफ्लॉन टेपचा तुकडा निघाला. टेप लावताना मिस्त्रीने काळजी घेतली नाही की असे होते.

तोंड साफ झाल्यावर दहा लिटरला चार मिनिटे लागली. म्हणजे नुसत्या नळीच्या जवळपास. शॉवरचे तोंड सुटले, आता गुन्हेगार मागे होता.

फिरतो, पण उघडत नाही

चाचा गच्चीवर गेले. टाकीच्या तोंडाशी पितळी गेट व्हॉल्व्ह होता. चाक व्यवस्थित फिरत होते. आम्ही म्हणालो, "हा तर पूर्ण उघडा आहे." चाचा हसले. गेट व्हॉल्व्हच्या आत एक पाते असते, ते दांड्याला अडकलेले असते. जुना झाला की ती पकड झिजते किंवा तुटते. मग वरून चाक फिरते, दांडा फिरतो, पण पाते अर्धे खालीच राहते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते व्हॉल्व्ह उघडा आहे. व्हॉल्व्ह खोलला तेव्हा नेमके तेच निघाले.

त्या जागी बॉल व्हॉल्व्ह बसवला. त्यात भोक असलेला गोळा असतो, दांडी पाइपाच्या रेषेत असली की पूर्ण उघडा, आडवी असली की बंद. फसवणूक होत नाही. मात्र घेताना पूर्ण भोकाचा घ्यावा. स्वस्त मालात बाहेरून एक इंच आणि आतले भोक अर्ध्या इंचाचे, असेही मिळते. कापडात जसा वरचा मीटर दाखवून आतला माल वेगळा देतात, तसाच हा प्रकार. दुकानात हातात घेऊन आरपार पाहावे.

व्हॉल्व्ह बदलल्यावर दहा लिटरला दोन मिनिटे चाळीस सेकंद.

पाइपाची जाडी आणि गंज

आता राहिला पाइप. आमचे घर जुने, आत लोखंडी जीआय पाइप, तोही टाकीपासून थेट अर्ध्या इंचाचा. चाचांनी एका जोडाशी पाइप कापून आम्हाला दाखवला. आत गंजाचे इतके थर की मधे पेन्सिल जाईल एवढीच वाट उरली होती. ज्या पाण्याने घरातली मुले वाढली ते याच वाटेने येत होते, हे पाहून वाईट वाटले.

पाइपाच्या जाडीचा हिशेब वाचकांनी नीट ध्यानात घ्यावा. अर्ध्या इंचाऐवजी पाऊण इंचाचा पाइप घेतला तर पाणी दीडपट नव्हे, तर त्याच दाबावर सुमारे दुप्पट वाहते. एक इंचाचा घेतला तर जवळपास चौपट. कारण बारीक पाइपात पाणी भिंतींना घासत जाते आणि त्या घासण्यात दाब खर्च होतो. प्रत्येक काटकोनी वळणावरही थोडा दाब जातो. म्हणून टाकीवरून खाली येणारा मुख्य पाइप किमान एक इंची, न्हाणीघरापर्यंत पाऊण इंची, आणि अर्धा इंच फक्त शेवटच्या नळापुरता, असा क्रम ठेवावा. वळणे जितकी कमी तितके चांगले.

आम्ही सीपीव्हीसी पाइप टाकला. तो गंजत नाही आणि गरम पाण्यालाही चालतो. घेताना त्यावर आयएस १५७७८ हे मानक छापलेले आहे का ते पाहावे. साधा पांढरा पीव्हीसी पाइप गरम पाण्याच्या लाइनला चालत नाही, तो नरम पडतो.

एक खबरदारी इथे सांगणे जरुरीचे आहे. जुन्या घरांत विजेचे अर्थिंग पाण्याच्या लोखंडी पाइपाला जोडलेले असते. पाइप प्लास्टिकचा केला की ते अर्थिंग तुटते, आणि गीझर किंवा कपडे धुण्याचे यंत्र धोक्याचे बनते. म्हणून पाइप बदलण्याआधी वायरमनला दाखवून स्वतंत्र अर्थिंग करून घ्यावे. हे काम पुढे ढकलू नये, यात जिवाचा सवाल आहे.

लाइनमधली हवा

नवीन पाइप टाकताना चाचांनी दोन गोष्टींवर जोर दिला. पाइप टाकीपासून नळापर्यंत सतत उताराने यावा. दरवाजाच्या चौकटीवरून वर चढवून पुन्हा खाली आणला तर त्या उंच भागात हवा साठते आणि पाणी अडते. दुसरे म्हणजे टाकीच्या व्हॉल्व्हच्या पुढे, खाली जाणाऱ्या पाइपावर एक टी बसवून त्यातून उभी नळी टाकीच्या वरपर्यंत न्यावी. तिचे तोंड उघडे ठेवून त्यावर बारीक जाळी बांधावी. हवा त्या वाटेने निघून जाते.

ही अक्कल आपल्या मुलखाला नवी नाही. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकी शहरासाठी, म्हणजे नंतरच्या औरंगाबाद आणि आताच्या छत्रपती संभाजीनगरसाठी, नहर बांधली. डोंगराच्या बाजूचे पाणी जमिनीखालून शहरात आणले, आणि वाटेत ठिकठिकाणी उंच स्तंभ उभारले. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळची पाणचक्कीही दूरच्या झऱ्यातून मातीच्या नळांनी आणलेल्या पाण्यावर चालली. तिथे भिंतीवरून हौदात पडणारे पाणी मोटरने चढवलेले नव्हते. स्रोत उंच होता, वाट बंद होती, आणि पाणी आपल्या पातळीकडे आपणच चढले. उंची राखा आणि वाट मोकळी ठेवा, हा जो धडा त्या कारीगरांना ठाऊक होता, तोच आमच्या गच्चीवर कामाला आला.

नवीन पाइप, नवीन व्हॉल्व्ह, साफ शॉवर. पुन्हा बादली लावली. दहा लिटरला एक मिनिट तीस सेकंद. मिनिटाला साडेसहा लिटरांहून थोडे जास्त. पंप नाही, वीज नाही. खर्च मिस्त्रीने सांगितलेल्या आकड्याच्या निम्म्याहून कमी.

पंप केव्हा घ्यावा

याचा अर्थ पंप वाईट असे नव्हे. वरच्या मजल्यावर, जिथे उंचीच पाच फुटांची आहे, तिथे पाइप कितीही साफ केला तरी फवारा मनासारखा मिळणार नाही. अशा ठिकाणी दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग टाकी उंच करण्याचा. आम्ही हिशेब केला, टाकी पाच फूट वर उचलली तर पाचाचे दहा फूट होतात, दाब दुप्पट होतो. पण दाब दुप्पट झाला म्हणून पाणी दुप्पट होत नाही, सुमारे १.४ पट होते. शिवाय हजार लिटर पाणी म्हणजे एक हजार किलो वजन. विटांचे चार खांब रचून त्यावर टाकी ठेवणे म्हणजे अपघाताला दावत. खालच्या कॉलमवर वजन येईल असा चौथरा जाणकाराला विचारूनच बांधावा.

दुसरा मार्ग पंपाचा. हा पंप टाकीच्या बाहेर पडणाऱ्या लाइनवर बसवावा. एका-दोन न्हाणीघरांना एक किलोच्या आसपास दाब देणारा लहान पंप पुरतो. मोठा घेतला तर जुने जोड गळू लागतात. नळ उघडला की सुरू आणि बंद केला की बंद, असा स्वयंचलित घ्यावा. त्याला वळसा घालून एक बायपास लाइन ठेवावी आणि तिच्यात नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा, म्हणजे वीज गेली तरी पाणी उंचीच्या दाबाने येत राहील. गीझरच्या पाटीवर तो किती दाब सहन करतो ते लिहिलेले असते, ते वाचूनच पंप निवडावा. गीझरचा सुरक्षा व्हॉल्व्ह कधी ठिबकतो म्हणून तो बुजवू नये. तो बुजवणे म्हणजे घरात फटाका ठेवणे.

फक्त गरम पाण्यालाच धार नसेल तर गीझरच्या तोंडाची जाळी किंवा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह चोंदला असण्याचा संभव जास्त. मात्र विजेचे मुख्य बटण बंद केल्याशिवाय गीझरला हात लावू नये.

शेजाऱ्याचा हक

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती सांगतो. काही लोक धार वाढवण्यासाठी मोटर थेट रस्त्याच्या मुख्य नळवाहिनीला जोडतात. नगरपालिका-महापालिकांच्या नियमांत ही गोष्ट मना आहे, मोटर जप्त होऊ शकते. पण कायदा बाजूला ठेवला तरी त्यात दोन मोठी नुकसाने आहेत.

एक, वाहिनीत जेवढे पाणी आहे तेवढेच आहे. आपली मोटर ते खेचते तेव्हा गल्लीच्या टोकाच्या घरातला नळ कोरडा पडतो. मापात कमी देणे आपण व्यापारात हराम समजतो. हेही मापात कमी देणेच आहे, फक्त तराजू दिसत नाही.

दोन, मोटर खेचू लागली की वाहिनीत ओढ निर्माण होते. कुठे जोड ढिला असेल आणि बाजूने गटार जात असेल तर ते पाणी आत शोषले जाते. कावीळ, टायफॉइड, पटकी यांची वाट अशी उघडते, आणि ते पाणी पहिल्यांदा खेचणाऱ्याच्याच घरात येते. म्हणून नळाचे पाणी आधी आपल्या हौदात पडू द्यावे, आणि मोटर हौदातून गच्चीवर लावावी.

सरकारी पाणीपुरवठ्याच्या १९९९ च्या नियमपुस्तिकेत एकमजली घरांच्या वस्तीसाठी वाहिनीत किमान ७ मीटर, दुमजलीसाठी १२ मीटर आणि तीन मजल्यांसाठी १७ मीटर दाब धरला आहे. तेवढा दाब आपल्याकडे येत नसेल तर मोहल्ल्याने मिळून अर्ज करावा. एकट्याने मोटर लावणे हा त्यावरचा इलाज नाही.

आणखी एक गोष्ट, खर्चाची. धार वाढली की अंघोळ लांबते. मिनिटाला सात लिटर धरले तर चार मिनिटांत २८ लिटर, पण दहा मिनिटांत ७० लिटर. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात, त्यातले निम्मे एका अंघोळीत गेले. साबण लावताना शॉवर बंद ठेवावा, ही सवय मुलांना लावावी.

कारीगर बंधूंसाठी

आमच्या तरुणांना आम्ही एवढेच सांगू. नळकाम हा आज चांगला धंदा आहे. आयटीआयमध्ये त्याचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. पण गिऱ्हाईक बांधले जाते ते पान्ह्याने नव्हे, मापाने. जो मिस्त्री बादली आणि घड्याळ घेऊन येईल, आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा गिऱ्हाइकाच्या हातात देईल, त्याला काम शोधत फिरावे लागणार नाही. त्या पहिल्या मिस्त्रीने आम्हाला फसवले असे आम्ही म्हणत नाही. त्याने मोजले नाही, इतकेच. धंद्यात न मोजणे आणि फसवणे यांचा नतीजा पुष्कळदा एकच असतो.

चाचांनी मजुरी घ्यायला नकार दिला. अम्मींनी त्यांना जेवायला बसवले, आणि जाताना त्यांच्या घरच्यांसाठी डबा भरून दिला.

पुढच्या जुम्याला अम्मी दहा मिनिटांत न्हाऊन बाहेर आल्या, केस ओले, कपडे स्वतः घातलेले. सून दाराशी टॉवेल घेऊन उभी होती, तिला म्हणाल्या, "तू कशाला थांबलीस? जा, चहा ठेव." मग आमच्याकडे वळून बोलल्या, "बेटा, ती जुनी बादली आता गच्चीवरच्या झाडांना ठेव."